पावलांचं लक्ष्य आधी खाली आणा

केमो संपलेल्या पंचविशीतल्या मुलीला 10,000 पावलांचं लक्ष्य लावून दिलं आणि तिने दोन आठवड्यांत पावलं मोजायचं ॲप काढून टाकलं, असा अनुभव एकाने सांगितला आहे. चूक तिची नाही. हा आकडा 1965 साली जपानमध्ये आलेल्या पावलं मोजायच्या यंत्राच्या नावातून रूढ झाला. कॅन्सरनंतरच्या थकव्याशी त्याचा काही संबंध नाही.

पहिले 7 दिवस लक्ष्यच नको, नुसतं मोजा. सातही आकडे चढत्या क्रमाने लावून मधला घ्या (सरासरी नको, एखाद्या लग्नाच्या दिवसाने ती फुगते). समजा 2,800 आला, तर पुढचा आठवडा 3,300. सातांपैकी पाच दिवस जमलं तरच आणखी 500, नाहीतर तोच आकडा. सलग दिवसांची साखळी दाखवणारी सूचना बंदच करा. तापाच्या एका दिवसाने ती तुटते आणि मग ॲप उघडावंसंच वाटत नाही.

पावलं अचानक कमी दिसली तर अँड्रॉइडची बॅटरी सेटिंग बघा. बचतीच्या नावाखाली ॲप मागच्या मागे बंद केलं जातं. मनगटावर घड्याळ आणि हात ट्रॉलीवर असेल, तेव्हाही मोजणी चुकते.

डॉक्सोरुबिसिन (हृदयावर परिणाम करू शकणारं केमोचं औषध) घेतलं असेल तर जोर वाढवण्याआधी हृदयाबद्दल डॉक्टरांना विचाराच. बीटा ब्लॉकर (हृदयाचे ठोके मंदावणारं औषध) चालू असताना घड्याळातले ठोके फसवतात. बोलता येतं पण गाता येत नाही, तो वेग धरा. आठवड्यातून दोनदा ताकदीचे व्यायामही हवेत. ते पावलांत दिसत नाहीत, त्यांच्यासाठी वेगळा गजर लावा.