जत्रेच्या आदल्या दिवशी माझी गाडी शेजाऱ्यांच्या गाडीला घासली. किती भरून द्यायचं आणि बोलणं कसं सुरू करायचं?

वडगावच्या बाई:

थोडं लांबलंय, पण वाचा. थोडक्यात सांगितलं की सगळे "विमा आहे ना, मग झालं" एवढंच म्हणतात, आणि माझं तेवढ्यानं भागत नाही.

आम्ही बेळगावात वडगावला राहतो. गल्ली जुनी. दोन्ही बाजूंना कट्टे, मध्ये एक गाडी जाईल आणि दुसरी अंग चोरून उभी राहील एवढाच रस्ता. पूर्वी इथं घरोघरी माग होते, तेव्हा दारात सायकल सोडून काही नसायचं. आता बऱ्याच घरांतले माग गेले, वर मजले चढले आणि प्रत्येक दारात गाडी आली. रस्ता तेवढाच राहिला. आमची वॅगन आर आमच्या कट्ट्याला लागून असते. समोरच्या अक्कांच्या मुलाची पांढरी गाडी त्यांच्या दारात, पुढचं चाक गटारीवरच्या फरशीवर चढवलेलं.

आषाढात आमच्या मंगाई देवीची जत्रा. मंगळवारची जत्रा, म्हणून सोमवारी संध्याकाळीच पाहुणे उतरले. निपाणीहून नणंद आणि तिचे यजमान, खानापूरहून मावसदीर. पावसाची भुरभुर चालू होती. मालक गोव्यात कामाला, ते रात्रीच्या गाडीनं येणार होते. नणंदेची गाडी आत घ्यायची म्हणून मी आमची गाडी मागं घेत होते. मागची काच धुरकटलेली, मागून नणंदेचा मुलगा "येऊ दे, येऊ दे" म्हणतोय, आणि कर्र करून आवाज आला. आमच्या मागच्या बंपरचा कोपरा त्यांच्या मागच्या दारात बसला. दाराला ताटाएवढा पोचा, आणि तिथून मागच्या चाकावरच्या पत्र्यापर्यंत दोन लांब चरे.

चूक माझी, यात मला काही म्हणायचं नाही. मी तशीच भिजत अक्कांच्या दारात गेले आणि सांगितलं. त्या बाहेर आल्या, दारावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "होगली बिडु, असू दे. लोखंड हाय ते. पोरगं मागं होतं, त्याला लागलं नाही न्हवं? जत्रा होऊ दे, मग बघू."

मुलगा उद्यमबागेत कारखान्यात आहे, दुसऱ्या पाळीहून रात्री अकराला आला. मी आत भाकऱ्या थापत होते. बाहेर कट्ट्यावर आमचे पाहुणे बसले होते, त्यांचं त्याचं काही बोलणं झालं, पण मी हात धुऊन बाहेर येईपर्यंत तो घरात निघून गेला होता. बुधवारी सकाळी त्यानं सर्व्हिस सेंटरचा कागद आणून हातात दिला. २६,४०० रुपये. मागचं दार नवीन घालून रंगवायचं १५,८००, मागचा पत्रा ४,६००, आणि पुढचं दार ६,०००.

पुढच्या दाराला माझी गाडी लागलेलीच नाही. तिथला पोचा गेल्या गणपतीतला आहे. वाळू टाकायला आलेला टेम्पो घासून गेला होता, हे मला त्यानंच तेव्हा दाखवलं होतं. मी म्हटलं, "अरे, मागचं सगळं मी देते, पण पुढचं दार कसं काय?" त्यावर तो म्हणाला, "काकी, द्यायचं नसेल तर तसं सांगा, मी पोलिसांत जातो." हाच मुलगा लहानपणी अक्का मागावर बसल्या की आमच्याकडं जेवायचा. माझ्याकडं बसून पाढे पाठ केलेत त्यानं.

आज बारा दिवस झाले. तो रोज समोरून जातो, मान वर करत नाही. अक्का कट्ट्यावर बसायच्या बंद झाल्यात. आमच्याकडं जत्रेला मटण असतं, त्यांच्याकडं चालत नाही, तरी दरवर्षी आमच्या पाहुण्यांसाठी त्या शेंगांच्या पोळ्या करून पाठवतात. यंदा डबा आला नाही. मला २६ हजारांपेक्षा तो डबा जास्त लागलाय.

आणि ज्याची मला सगळ्यात भीती वाटते तेही झालं. गल्लीतले दोघे-तिघे येऊन म्हणाले, "बाई, एक रुपया देऊ नका, ते कानडी म्हणून मुद्दाम करतायत." पोच्याला कसली आलीय भाषा? तीस वर्षांत मी अक्कांशी मराठीत बोलते, त्या अर्ध्या कानडीत उत्तर देतात, आमचं कधी अडलं नाही.

मला विचारायचंय ते एवढंच. माझ्या विम्यातून त्याला पैसे मिळतात का? पोलिसांत गेला तर काय होतं? आणि पुढच्या दाराचे पैसे गप्प देऊन टाकावेत का?

सर्व्हेवाला:

वीस वर्षं अपघातग्रस्त गाड्यांची पाहणी हेच माझं काम, म्हणून लिहितो.

समोरच्याच्या मालमत्तेचं नुकसान तुमच्या थर्ड पार्टी विम्यात येतं, खासगी मोटारीला साधारणपणे साडेसात लाखांपर्यंत. पण ते मागायचं तर त्याला तुमच्यावर आणि विमा कंपनीवर अपघात दावा न्यायाधिकरणात अर्ज करावा लागेल. एवढ्याशा रकमेसाठी त्या वाटेला कुणी जात नाही.

दुसरी वाट सोपी. त्याच्या गाडीचा पूर्ण विमा असेल तर तो स्वतःच्या विम्यातून काम करून घेईल, आणि त्याच्या खिशातून जाईल तेवढं तुम्ही भरून द्यायचं. त्याच्या खिशातून तीन गोष्टी जातात. १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला पहिले १,००० रुपये मालकाचे. नवीन भाग घातला तर घसारा, म्हणजे जुनेपणापोटी विमा कंपनी कापते ती रक्कम: पत्र्याला गाडीच्या वयाप्रमाणे, तीन ते चार वर्षांच्या गाडीला २५ टक्के, चार ते पाचला ३५, प्लॅस्टिकला वय काहीही असो, ५० टक्के, रंगाच्या सामानालाही ५० टक्के. झिरो डेप, म्हणजे घसारा न कापणारा जादा विमा, घेतलेला असेल तर हा घसारा बहुतेक सुटतो. आणि तिसरं, लोक विसरतात ते म्हणजे नो क्लेम बोनस, दावा न केल्याबद्दल विम्याच्या हप्त्यात मिळणारी सूट. पाच वर्षं दावा न करता तो २०, २५, ३५, ४५ करत ५० टक्क्यांवर जातो, आणि एका दाव्यात शून्यावर येतो. त्याचा बोनस ४५-५० ला पोहोचला असेल तर विम्याला हात न लावता रोख काम केलेलं बरं.

आता पुढचं दार. यात तुमचा शब्द की त्याचा शब्द असं नसतंच. ताज्या चऱ्यात पत्रा किंवा प्रायमर स्वच्छ दिसतो. वर्षभराच्या जुन्या चऱ्यात, त्यातून बेळगावचा पावसाळा खाल्लेल्या, कडेला गंज आणि बोटाला लागेल असा मळ असतो. दुसरं म्हणजे उंची. तुमच्या बंपरचा कोपरा जमिनीपासून किती उंच, ते टेपनं मोजा. त्याच उंचीवर पोचा असेल तर तो तुमचा. तुमच्या बंपरचा रंग त्याच्या पत्र्यावर आणि त्याचा पांढरा तुमच्या बंपरवर आलेला असतो, तो अजून पुसू नका.

आणि ताटाएवढ्या पोच्याला अख्खं दार बदलायचं नसतं. दाराची कड मुडपलेली नसेल तर आतलं पॅड काढून मागून ठोकून निघतं. उद्यमबागेत चांगले डेंटिंगवाले आहेत, दोघं मिळून जा. विम्यातून जायचं ठरलं तर मात्र आजच कंपनीला कळवायला सांगा आणि पाहणीआधी काम करू नका. बारा दिवस आधीच गेलेत.

कोर्टातला माणूस, खानापूर:

पोलिसांची धास्ती घेऊ नका. कुणाला इजा नाही, गाडी उभी होती, तुम्ही पळून गेला नाहीत, उलट स्वतः जाऊन सांगितलंत. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. तिच्यातलं आगळिकीचं कलम ३२४ लागायला नुकसान करण्याचा हेतू लागतो, किंवा नुकसान होणार हे माहीत असून केलेलं लागतं. भरधाव किंवा निष्काळजीपणे हाकण्याचं कलम २८१, ते माणसाच्या जिवाला धोका किंवा कुणाला इजा होईल अशा हाकण्याला. पावसात गाडी मागं घेताना घासली, हे दोन्हीत बसवणं अवघड. ठाण्यात बहुधा दोघांना बसवून मिटवायलाच सांगतील.

मात्र पैसे तोंडी देऊ नका. साधा कागद करा: तारीख, दोन्ही गाड्यांचे नंबर, कुठल्या भागाचं किती, "या घटनेबाबत आता काही येणं नाही", दोघांच्या सह्या आणि दोन साक्षीदार. कागद मराठीत आणि कन्नडमध्ये दोन्हीत करा. मुलगा कन्नड शाळेत शिकला असेल, तर आपण कशावर सही करतोय ते त्याला स्वतःच्या अक्षरात वाचता आलं पाहिजे. साक्षीदार एक तुमच्याकडचा घ्या, एक त्यांच्याकडचा.

शहापूरकर:

मी म्हणेन सगळे २६ हजार देऊन टाका. शेजार वर्षानुवर्षांचा, पैसा परत मिळतो.

अनगोळची मावशी:

शहापूरकर, नाही पटलं. जे आपण केलं नाही त्याचे पैसे दिले की देणाऱ्याच्या मनात ते राहतं. वर्षभरानं भांड्याला भांडं लागलं की तेच बाहेर येतं. आमच्या चाळीत झालंय हे, नळाच्या पाळीवरून.

बाई, तुम्ही लिहिलंय की रात्री कट्ट्यावर पाहुण्यांचं आणि त्याचं बोलणं झालं आणि तुम्ही आत होता. अक्का आधी "असू दे" म्हणाल्या होत्या. मधल्या त्या पाच मिनिटांत काहीतरी झालंय. पुढच्या दाराचे सहा हजार हा राग आहे, हिशोब नाही. आधी तुमच्या पाहुण्यांना फोन करून विचारा. मग अक्कांकडं जा. मुलाकडं नको. आणि जाताना पैशाचा शब्द काढू नका.

वडगावच्या बाई:

आठ दिवसांनी लिहितेय. मावशी, तुमच्या पाया पडते.

मी नणंदेला फोन केला. ती आधी "काही नाही गं" म्हणत राहिली, मग सांगितलं. तो मुलगा गाडी बघत उभा होता तेव्हा माझा मावसदीर त्याच्या देखत म्हणाला, "जुना डबा तर आहे. ह्या लोकांना आता पैसे काढायला निमित्त मिळालं बघ." त्याला वाटलं पोराला मराठी येत नाही. त्या पोराचं अर्धं बालपण माझ्या स्वयंपाकघरात गेलंय! आणि ती गाडी डबा नाही. अक्कांनी शेवटचे दोन माग विकले, त्यात त्यानं स्वतःची भर घातली आणि वडिलांना दवाखान्यात न्यायला-आणायला ती घेतली. वडील गेले, गाडी राहिली. हे मला माहीत होतं. पाहुण्यांना सांगायला हवं होतं, ते राहिलं.

मी अक्कांकडं गेले. मागच्या दारानं, परड्यातून, पूर्वी जायचे तशी. त्या लसूण सोलत होत्या. मी बसले आणि म्हटलं, माझ्या कट्ट्यावर बसून माझ्या माणसानं तुमच्या लेकाला तसं बोलायला नको होतं, मी त्यासाठी आलेय. अक्का बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "दाराचं नाही गं. 'ह्या लोकांना' म्हणाला. आम्ही कुठले लोक? इथंच जन्मलं पोरगं." आम्ही दोघी रडलो. लसणाचं निम्मं मी सोललं.

मावसदिराला मी स्पष्ट सांगितलं. त्यानं मुलाला फोन करून माफी मागितली, कशी मागितली ते मी विचारलं नाही. मालक शनिवारी आले, त्यांनीही गल्लीतल्या त्या दोघा-तिघांना बोलावून हा विषय पुन्हा काढू नका म्हणून सांगितलं.

रविवारी मी आणि तो मुलगा दोन्ही गाड्या घेऊन उद्यमबागेत गेलो. मिस्त्रीनं काही विचारायच्या आधीच मुलानं स्वतः पुढच्या दाराकडं बोट दाखवून सांगितलं, "हे नको, हे जुनं आहे, फक्त मागचं बघा." टेप काढायची वेळ आली नाही. सर्व्हेवाले म्हणाले तसंच निघालं, दाराची कड शाबूत होती, नवीन दार लागत नाही. दार ठोकून रंगवायचं ५,२००, मागचा पत्रा ३,१००, दाराची पट्टी ६००. सगळे मिळून ८,९००. त्याचा बोनस ३५ टक्क्यांवर आहे, एवढ्यासाठी तोही जायला नको म्हणून विम्याला हात लावला नाही.

कागद दोन्ही भाषांत केला. कन्नड त्यानं लिहिलं, मराठी मी. पैसे घ्यायला तो लाजत होता, पण मी मिस्त्रीलाच दिले. परत येताना तो माझ्याच गाडीत होता. गोवावेसपर्यंत दोघंही गप्प होतो. मग त्यानं विचारलं, "काकी, मागचा कॅमेरा बसवायचा का तुमच्या गाडीला? मी बसवून देतो." मी हो म्हटलं.

त्याची गाडी गुरुवारी मिळणार आहे. तोवर त्यांच्या दारातल्या जागेत दुसऱ्या कुणी गाडी घालू नये म्हणून मी आमच्या जास्वंदीच्या दोन कुंड्या तिथं नेऊन ठेवल्यात. अक्का सकाळी त्यांना पाणी घालतात.