मदत हवी आहे: अनलेसनंतर नॉट येतं का?

मालाडकर:
आज रात्री सोसायटीच्या बोर्डावर नोटीस लागायलाच हवी. सेक्रेटरी म्हणतात नॉट हवंच, मी म्हणतो नको. फक्त हो की नाही सांगा, व्याकरणाचा तास नकोय.

वेलांटी:
कसली नोटीस? वाक्य बघितल्याशिवाय काय सांगणार, कपाळ?

डबाफास्ट:
मराठीत लावा. प्रश्नच मिटला.

मालाडकर:
निम्म्या बिल्डिंगला मराठी वाचता येत नाही म्हणून इंग्रजी. हे घ्या: 'अनलेस द स्टिकर इज नॉट डिस्प्लेड, द व्हेइकल विल नॉट बी अलाउड.'

रिटायर्ड मास्तर:
तुमचं बरोबर. अनलेसच्या पोटातच नॉट आहे. सेक्रेटरींच्या वाक्याने स्टिकर लावलेलीच गाडी गेटवर अडेल! ते मनात 'जोपर्यंत लावत नाही तोपर्यंत' म्हणतात, तिथून हा 'नाही' घुसतो. 'स्टिकर लावल्याशिवाय' असं म्हणून बघा, आपोआप गळून पडेल. दर वर्षी निम्मा वर्ग इथेच घसरायचा.

शब्दकिडा:
गंमत म्हणजे त्यातलं 'अन' मुळात नकाराचं नव्हतंच. १५व्या शतकात 'ऑन लेस दॅन' असं म्हणत, म्हणजे 'याहून कमी अटीवर'. फ्रेंचमध्ये अनलेससाठी 'आ म्वँ क' म्हणतात, त्याचीच धाटणी. ऑनवर जोर नसायचा, आणि पूर्ण शब्दाच्या अर्थामध्ये नकार होताच, म्हणून त्याचं अन झालं. आणि हो, टिल हा अंटिलचा शॉर्टफॉर्म नव्हे, टिलच जुना.

डबाफास्ट:
टिलचं कोणी विचारलं होतं?

वेलांटी:
मास्तर, नॉट कधीच येत नाही हे पटत नाही. 'अनलेस यू डोन्ट माइंड' चालतं की.

रिटायर्ड मास्तर:
'कधीच' मी म्हटलेलंच नाही, बाई. तिथे हरकत नसणं हीच अट आहे, म्हणून नकार हवा. इथे अट स्टिकर असण्याची.

डबाफास्ट:
अवांतर: फ्लॅटमागे किती स्टिकर देताय? आमच्याकडे दुसऱ्या गाडीवरून तीन मीटिंगा मोडल्या. आधी ते ठरवा, इंग्रजी मग बघू.

वेलांटी:
+१. आणि पाहुण्यांच्या गाड्या?

मालाडकर:
पार्किंगचं नंतर हो! नॉट काढलं. आता सेक्रेटरी म्हणतात 'अनलेस द स्टिकर विल बी डिस्प्लेड' करा. चालेल? झेरॉक्सवाल्यासमोर उभा आहे, तो शटर ओढतोय.

रिटायर्ड मास्तर:
विल नको. 'इज'च ठेवा. आणि पुढची नोटीस तुम्हीच लिहा.