जपानने दोन भांडणाऱ्या बास्केटबॉल लीगची एक बी.लीग कशी केली?

फास्टब्रेकवाला (प्रश्न)

मंडळी, परवा 2023 च्या वर्ल्ड कपमधली जपान-फिनलंड मॅच परत बघत होतो. जपान 18 पॉइंटनी मागे पडलेलं, आणि मग शेवटच्या क्वार्टरमध्ये कावामुरा आणि तोमिनागाने जो काय दणका दिला की 98-88 ने जिंकले, ओकिनावाच्या अरेनात लोक अक्षरशः वेडे झाले होते. हॉकिन्सन तर 28 पॉइंट आणि 19 रिबाउंड. त्याच स्पर्धेतून पॅरिस ऑलिंपिकचं तिकीट मिळालं, आणि टोकियोला यजमान म्हणून मिळालेली जागा सोडली तर पुरुषांची टीम 1976 नंतर पहिल्यांदा ऑलिंपिकला गेली.

आता माझा प्रश्न. याच देशाला नोव्हेंबर 2014 मध्ये फिबाने (बास्केटबॉलची जागतिक संघटना) सस्पेंड केलं होतं, कारण देशात दोन-दोन टॉप लीग चालू होत्या आणि जपानच्या बास्केटबॉल असोसिएशनला ते निस्तरता येत नव्हतं. आणि सप्टेंबर 2016 मध्ये एकच बी.लीग सुरूसुद्धा झाली. जे भांडण दहा वर्षं मिटलं नाही ते दीड-दोन वर्षांत मिटलं कसं? नुसत्या बॅनच्या भीतीने मिटलं असेल असं मला पटत नाही, भीतीने लोक सह्या करतात पण लीग चालवत नाहीत. आणि दुसरं, एवढी चांगली बसलेली प्रमोशन-रेलिगेशनची सिस्टिम (जिंकणारी टीम वरच्या डिव्हिजनला, तळाची खाली) 2026 पासून वरच्या लेव्हलला बंद करून बी.प्रीमियर ही नवी टॉप डिव्हिजन आणतायत ते का? ज्यांनी ही लीग नीट फॉलो केलीय त्यांनी सविस्तर लिहा, घाई नाही.

पिक_अँड_रोल

छान विषय काढलात. भांडण नक्की कशावरून होतं ते आधी सांगतो, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

जपानमध्ये टॉपचं बास्केटबॉल म्हणजे वर्षानुवर्षं कंपन्यांच्या टीम्स. टोयोटा, हिताची, तोशिबा, आयसिन, पॅनासोनिक. बरेच खेळाडू कंपनीचे कर्मचारीच, खेळणं संपलं की त्याच कंपनीत नोकरी पक्की. कंपनीसाठी टीम म्हणजे जाहिरात आणि कर्मचाऱ्यांचा उत्साह, तिकिटं विकून पैसे कमवायची गरजच नाही, म्हणून प्रेक्षक आले काय न आले काय, कुणाचं अडत नव्हतं. आणि कंपनीचे दिवस वाईट आले की पहिली कात्री टीमवर.

याला कंटाळून निगाता आणि साइतामा हे दोन क्लब बाहेर पडले आणि 2005 ला सहा टीम्सची बीजे-लीग सुरू झाली. ही पूर्ण प्रो. शहराच्या नावाची टीम, तिकीट, लोकल स्पॉन्सर, चीअर, म्युझिक, सगळा शो. पण असोसिएशनच्या बाहेर पडल्यामुळे सुरुवातीला या खेळाडूंना नॅशनल टीमचं दार बंद. म्हणजे देशातले खेळाडूच दोन भागांत वाटले गेले. दोन्हीकडच्यांना स्वतःचं बरोबर वाटत होतं आणि खरं सांगायचं तर दोघांचंही अर्धं अर्धं बरोबर होतं. कंपन्यांकडे पैसा आणि चांगले जपानी खेळाडू, बीजेकडे प्रेक्षक कसा आणायचा याची अक्कल. 2013 मध्ये कंपन्यांची लीग एनबीएल या नव्या नावाने आली, तरी बीजेवाले वेगळेच राहिले.

मग फिबाचा बॅन. आणि त्यात फक्त पुरुष नव्हते हे लोक विसरतात, महिला टीमचीही रिओ ऑलिंपिकची क्वालिफायर हातची जायची वेळ आली होती, आणि ती टीम खरंच दर्जेदार होती (रिओला क्वार्टर फायनल, टोकियोला सिल्व्हर). जानेवारी 2015 मध्ये फिबाने टास्क फोर्स नेमली आणि तिच्यावर साबुरो कावाबुची यांना आणलं. हा माणूस फुटबॉलचा! जे.लीगचे पहिले चेअरमन, वय तेव्हा 78. बास्केटबॉलमधल्या कुठल्याच गटाचं त्यांना देणं-घेणं नव्हतं आणि माझ्या मते तिथेच अर्धं काम झालं. आतल्या माणसाने काहीही सुचवलं असतं तरी समोरचा म्हणाला असता की हा त्यांचा माणूस.

त्यांनी दोन अटी ठेवल्या ज्यांच्यावर सगळे उखडले. एक, टीमच्या नावातून कंपनीचं नाव काढायचं. तोशिबा ब्रेव्ह थंडर्सची कावासाकी ब्रेव्ह थंडर्स झाली, हिताची सनरॉकर्सची सनरॉकर्स शिबुया झाली. दुसरी, वरच्या डिव्हिजनला खेळायचं तर 5,000 सीटचं होम अरेना दाखवा आणि होमच्या 80 टक्के मॅचेस तिथेच खेळा. ऑगस्ट 2015 मध्ये बॅन उठला.

आणि तुमचा मूळ प्रश्न, की मिटलं कसं. माझं उत्तर असं की कुणालाही मारलं नाही म्हणून मिटलं. एनबीएचं बघा, 1949 मध्ये बीएए आणि जुनी एनबीएल (जपानची नव्हे) या अमेरिकेतल्या दोन लीग एकत्र आल्या तेव्हा 17 टीम्स झाल्या, आणि शेबॉयगन, वॉटरलू, अँडरसन अशी छोटी गावं वर्षभरातच बाहेर पडली, पाच-सहा वर्षांत उरल्या 8. जपानने ते केलं नाही. बी1 मध्ये 18, बी2 मध्ये 18, खाली बी3. तुमच्याकडे आज अरेना नाही, पैसा नाही? ठीक आहे, खालून सुरू करा, दार उघडं आहे. छोट्या क्लबला सही करायला कारण मिळालं.

रिबाउंड_ताई

वरचं सगळं बरोबर आहे पण अरेनाची गोष्ट दोन ओळींत उरकलीत, माझ्या मते सगळं तिथेच आहे.

जपानमध्ये पूर्वी मॅचेस कुठे व्हायच्या? पालिकेच्या जिमखान्यात, म्हणजे ज्याला ते ताइइकुकान म्हणतात. ही जागा लोकांनी खेळायची, बघायची नाही. बऱ्याच ठिकाणी दारात बूट काढून स्लीपर घालायच्या, आत खायला-प्यायला विकायला परवानगी मिळेल न मिळेल, आणि शनिवारी शाळेची व्हॉलीबॉल स्पर्धा असली की प्रो टीमने दुसरं गाव शोधायचं. सांगा बरं, अशा जागी सीझन तिकीट कसं विकणार? लोकांना पुढच्या महिन्यात टीम कुठे खेळणार हेच माहीत नसेल तर सवय लागणार कशी?

म्हणून ती 5,000 आणि 80 टक्क्यांची अट. ती वाचायला बिल्डिंगबद्दल वाटते, पण तिचा खरा परिणाम असा झाला की प्रत्येक क्लबला आपल्या महापौराच्या दारात जाऊन बसावं लागलं. पालिका हो म्हणाली तरच वरची डिव्हिजन. आणि पालिका कंपनीच्या जाहिरातीसाठी अरेना देईल का? नाही. शहराच्या नावाच्या टीमला देईल. म्हणजे नाव बदलायची अट आणि अरेनाची अट या दोन वेगळ्या नाहीतच, एकीशिवाय दुसरी चाललीच नसती. कावाबुचींनी हे फुटबॉलमध्ये 1993 ला करून पाहिलं होतं, त्यामुळे त्यांना ठाऊक होतं की कंपन्या आधी चिडतात आणि मग राहतात. टोयोटा कुठे गेली? अल्वार्क टोकियोच्या मागे आजही तीच आहे, फक्त टीमच्या नावात नाही.

ओकिनावाचं उदाहरण घ्या. र्युक्यू गोल्डन किंग्ज ही बीजे-लीगची टीम, तिथे चार वेळा चॅम्पियन. 22 सप्टेंबर 2016 ला बी.लीगची पहिली मॅच टोकियोतल्या योयोगीला झाली, अल्वार्क टोकियो विरुद्ध र्युक्यू, एलईडीच्या फ्लोअरवर, खेळाडूंच्या पायाखाली ग्राफिक्स पळतायत. एकीकडे कंपन्यांची सगळ्यात श्रीमंत टीम, दुसरीकडे बीजेची शेवटची चॅम्पियन. 80-75 अल्वार्क जिंकली, पण पाचच पॉइंटने! ज्यांना अनेक वर्षं सेकंड क्लास समजलं त्यांनी शेवटपर्यंत सोडलं नाही. मला वाटतं त्या रात्री निम्मं भांडण तसंच संपलं.

मग 2021 ला ओकिनावा अरेना उघडलं, साधारण 8,000 लोकांचं, बांधलं शहराने आणि चालवायला दिलं क्लबशी जोडलेल्या कंपनीला. सीट कोर्टाकडे उतरत येतात, वर मोठा स्क्रीन, बघणाऱ्यासाठी केलेली जागा. प्रश्नकर्त्याने जी फिनलंडची मॅच बघितली ती तिथलीच. त्याच वर्षी, 2023 ला, र्युक्यू पहिल्यांदा बी.लीगची चॅम्पियन झाली. अरेना आधी, ट्रॉफी नंतर.

कोपऱ्यातला_थ्री

मी थोडा विरोध करतो. कंपनीचं नाव काढलं की लीग वाढते हा नियम म्हणून सांगू नका. फिलिपिन्सची पीबीए 1975 पासून चालू आहे, आशियातली पहिली प्रो लीग, आणि आजही सगळ्या टीम्स कंपन्यांच्या, होम सिटी नावाचा प्रकार नाही. सान मिगेल म्हणजे बिअर, जिनेब्रा म्हणजे जिन, आणि जिनेब्राचे फॅन बघा, देशभर, कुठल्याही कोपऱ्यात, सत्तरच्या दशकातल्या क्रिस्पा-टोयोटा (तिथल्याच दोन टीम्स) मॅचेसना तर दोन तट पडायचे लोकांत. तिथे कुणी म्हणत नाही की आमच्या शहराची टीम हवी मगच आम्ही प्रेम करू.

माझं म्हणणं इतकंच की फिलिपिन्समध्ये बास्केटबॉल आधीच गल्लीगल्लीत होतं, त्यामुळे लीगला फक्त खेळ दाखवायचा होता. जपानला बेसबॉल आणि फुटबॉलमधून प्रेक्षक ओढायचा होता, म्हणून त्यांना शहराचा आधार लागला. एकाचं औषध दुसऱ्याला देऊ नये.

रिबाउंड_ताई

कोपऱ्यातला_थ्री, मुद्दा मान्य, पण पुढचंही बघा ना. 2020 ला बी.लीगने आशियाई खेळाडूंसाठी वेगळा कोटा आणला आणि फिलिपिन्सचा थर्डी रावेना सान-एन या क्लबला गेला, मग कीफर रावेना, ड्वाइट रामोस, रांगच लागली. पीबीएच्या वाट्याचे खेळाडू जपानच्या लीगमध्ये का गेले? पगार हे कारण आहेच, पण तो पगार कुठून येतो? होमच्या मॅचेसच्या तिकिटातून आणि शहरातल्या छोट्या-मोठ्या स्पॉन्सरमधून. पीबीएच्या टीमला होमच नाही तर होमचं उत्पन्न कुठून येणार? प्रेम भरपूर आहे हो, पण ते प्रेम क्लबच्या तिजोरीत पोचायचा रस्ता बारीक आहे. बॉक्सर पॅकियाओने फिलिपिन्समध्ये एमपीबीएल ही दुसरी लीग काढली ती शहरांच्या आणि प्रांतांच्या नावाच्या टीम्स घेऊन, त्यालाही हेच दिसलं असणार.

फास्टब्रेकवाला

खूप धन्यवाद सगळ्यांना, महापौरांचा मुद्दा माझ्या डोक्यातच आला नव्हता. आता दुसऱ्या प्रश्नावर कुणीतरी लिहा, बी.प्रीमियर. ज्या उघड्या दारामुळे छोटे क्लब आले तेच दार बंद करतायत, मग हा त्यांच्याशी दगाफटका नाही का?

पिक_अँड_रोल

मला स्वतःला रेलिगेशन आवडतं, सीझनच्या शेवटी तळाच्या मॅचेस बघताना जी धाकधूक असते ती दुसऱ्या कशात नाही. तरी त्यांची बाजू सांगतो कारण ती कच्ची नाही.

बी.लीगचे चेअरमन शिमादा, म्हणजे जे आधी चिबा जेट्स चालवायचे, त्यांचं म्हणणं साधारण असं. रेलिगेशनची टांगती तलवार असली की क्लब हातातला प्रत्येक येन खेळाडूवर घालतो, कारण खाली गेलं की स्पॉन्सर जातो. मग अरेनाला, ऑफिसातल्या माणसांना, लहान मुलांच्या टीमला पैसा उरत नाही. आणि अरेनासाठी पैसा देणारा वीस-तीस वर्षांचा हिशोब करतो, त्याला टीम पुढच्या वर्षी कुठल्या डिव्हिजनला असेल हे सांगता येत नसेल तर तो का देईल? म्हणून बी.प्रीमियरला जायला मॅच जिंकायची अटच नाही. सरासरी 4,000 प्रेक्षक, 1.2 अब्ज येनचं वार्षिक उत्पन्न, आणि ठरलेल्या दर्जाचं अरेना. वर सॅलरी कॅप (पगाराच्या खर्चावर मर्यादा) आणि ड्राफ्ट (नवे खेळाडू क्लबांनी पाळीपाळीने निवडायचे), म्हणजे श्रीमंताने सगळे खेळाडू उचलू नयेत. आणि दार पूर्ण बंद नाहीये हे लक्षात घ्या, खालचा क्लब या अटी पूर्ण करून पुढे अर्ज करू शकतो.

आकडे ठरल्यावर काय झालं बघा, फुनाबाशीला 2024 मध्ये लाला अरेना उघडलं, टोकियोत 2025 ला टोयोटा अरेना. नुसत्या रेलिगेशनच्या भीतीने ही अरेना उभी राहिली नसती असं मला आता वाटायला लागलंय.

कोपऱ्यातला_थ्री

इथे मात्र मी छोट्यांच्या बाजूने. होक्काइदोची गोष्ट कुणी लिहिली नाही म्हणून लिहितो. 2011 मध्ये तिथला क्लब पैशांच्या घोळात लीगमधून काढला गेला. टीमचा खेळाडू ताकेहिको ओरिमो, तेव्हा चाळिशीचा, त्याने नवा क्लब उभा केला, लेवांगा होक्काइदो, आणि स्वतः अध्यक्षही झाला आणि खेळतही राहिला. सकाळी स्पॉन्सरकडे सूट घालून, संध्याकाळी प्रॅक्टिसला. 2019 मध्ये जपानच्या टॉप लीगमध्ये 10,000 पॉइंट करणारा पहिला जपानी खेळाडू झाला आणि 2020 ला पन्नाशीला टेकून रिटायर झाला.

माझी काळजी ही की 1.2 अब्ज येन आणि 4,000 प्रेक्षक ही अट 2011 मध्ये असती तर ओरिमोने क्लब सुरूच केला नसता. लीगने वरच्या क्लबसाठी नियम कडक करावेत, जरूर करावेत, पण खाली असा एखादा वेडा उभा राहतोय का याच्यावरही लक्ष ठेवावं आणि त्याला पहिली पाच वर्षं हात द्यावा. बी.वन आणि बी.नेक्स्ट अशी खालच्या दोन डिव्हिजनची नवी नावं आहेत, त्यांच्या मॅचेस कोण टीव्हीवर दाखवतं आणि त्यांना लीगच्या उत्पन्नातला किती वाटा मिळतो यावर मी तरी डोळा ठेवून आहे. कुणाला त्या वाटपाचं नीट माहीत असेल तर इथेच टाका, नवीन धागा नको.