मदत हवी आहे : चौथ आणि खंडणी, हिशेब नक्की कसा लावायचे?

नमस्कार मंडळी. आमच्या वाचनालयात पुढच्या महिन्यात मराठ्यांच्या चौथाईवर, म्हणजेच चौथेवर, अर्धा तास बोलायचं कबूल करून बसलोय आणि आता अडकलोय.

१७१९ च्या सनदांपर्यंत (मोगल बादशहाच्या हुकूमपत्रांपर्यंत) ठीक आहे. पेशवे बाळाजी विश्वनाथांनी दिल्लीहून दख्खनच्या सहा सुभ्यांची चौथ आणि सरदेशमुखी आणली. म्हणजे महसुलाचा चौथा हिस्सा ही चौथ, वर दहा टक्के सरदेशमुखी. पण त्याच करारात शाहू महाराजांनी बादशहाला वर्षाला दहा लाख रुपये पेशकश (नजराणा) द्यायची आणि पंधरा हजार स्वार चाकरीला ठेवायचे, असंही आहे. मग यात बलवान कोण? घेणारा आणि देणारा एकच! हे श्रोत्यांना सोपं करून कसं सांगू?

दुसरं, चौथाई कागदावर ठरलेल्या आकाराची (आकारलेल्या साऱ्याची) घ्यायचे की प्रत्यक्ष वसुलीची? बंगालात १७५१ ला तिथल्या नवाब अलीवर्दीखानाने नागपूरकर भोसल्यांना सालाना बारा लाख कबूल केले, तो तर सरळ ठोक आकडा दिसतो. घासाघीस करून ठरलेला, असा माझा अंदाज.

राजबाबती, सहोत्रा, नाडगौडा, मोकासा ही चौथाईच्या रकमेची वाटणी मला समजली आहे, ती कृपया परत नको. एखाद्या परगण्याचा खरा जमाखर्च छापलेला कुठे सापडेल तेवढं सांगा. फोटो चालेल, मोडी मात्र वाचता येत नाही.

आणि दमणच्या पोर्तुगीजांकडून शेजारच्या रामनगर संस्थानाचा राजा मराठ्यांच्या आधीपासूनच चौथ घेत होता, त्याबद्दल मराठीत कोणी सविस्तर लिहिलंय का?