खून बघून आईला शांत झोप लागते, यात चूक काय?

रामबागची लेक
आई ७३ वर्षांची आहे. रात्री जेवणं झाली, ओटा पुसला की आम्ही दोघी 'मिडसमर मर्डर्स' लावतो. काल बहिणीचा फोन, "आईला या वयात खून काय दाखवून राहिली आहेस, काहीतरी भक्तीचं लाव." मला नाही पटलं. १९९७ पासूनची इंग्लंडची सीरियल आहे ही, हिरवीगार खेडी, चर्च, जत्रा, आणि जवळजवळ दर भागात दोन-तीन मुडदे, तरी आई ती बघून गाढ झोपते. बाबा गेल्यापासून तिची झोपच उडाली होती. मला वाटतं तिथे कोणी गेलं की डिटेक्टिव्ह बार्नबी येतो आणि घरोघर विचारतो, शेवटचा कधी दिसला, कोणाशी बोलला. गेलेल्या माणसाची कोणीतरी नीट चौकशी करतं, त्याचाच धीर येत असेल तिला.

जुनी इंदूरवाला
ताई, मी पूर्ण विरोधात. आमच्या गल्लीत खरा खून झालाय, मी दहावीत होतो तेव्हा. त्या घरच्या काकू वर्षभर उंबऱ्याच्या आतच बसायच्या, दूधवाला आला तरी हात तेवढा बाहेर, आणि कोर्टाच्या तारखा तर माझं कॉलेज संपलं तरी चालूच होत्या. सीरियलमध्ये मुलगा गेलेली बाई पुढच्याच सीनला पोलिसांना चहा ओतते. हे बघून बरं वाटत असेल तर मरणाची किंमत कमी झाली ना आपल्या मनात?

वाड्यातली नात
मी ताईंच्या बाजूने. बीबीसीने १९८४ ते ९२ मध्ये अगाथा ख्रिस्तीच्या मिस मार्पलच्या बाराही कादंबऱ्यांवर सीरियल केली, जोन हिक्सन मार्पल होती त्यात, जरूर बघा. म्हातारी बाई, विणकाम हातात, आणि समोरचा माणूस तिला गावातल्या कोणासारखा तरी वाटतो आणि तिथूनच ती खुनी ओळखते. आमची आजी जिन्यातल्या चपला बघून सांगायची कोण आलंय आणि कशाला आलंय! सगळे तिला चोंबडी म्हणायचे. तीच नजर तिथे अक्कल म्हणून मानली जाते, मला तर फार भरून येतं ते बघताना.

राजवाडा ४५२
पण ते गाव आहे कोणाचं? २०११ मध्ये मिडसमरचा निर्माताच मुलाखतीत म्हणाला होता की आमच्यात गोऱ्यांशिवाय कोणी नाही, म्हणूनच सीरियल चालते. त्याला निलंबित केलं तेव्हा. आपल्यासारख्यांना बाहेर ठेवून जो निवांतपणा बनतो तो मला नको.

रामबागची लेक
राजवाडा, हे माहीत नव्हतं, वाचून वाईट वाटलं, यावर माझ्याकडे उत्तर नाही. जुनी इंदूर भाऊ, तुमचं आईला वाचून दाखवलं. ती बराच वेळ गप्प होती. एक सांगते, खून झालेल्याची बायको पडद्यावर आली की आई दर वेळी मला पॉज करायला लावते आणि विचारते, "हिच्या सोबतीला रात्री कोण आहे गं?" आई मरणाला हलकं घेत नाही हो.

जुनी इंदूरवाला
हे आईंचं मोठेपण आहे ताई, सीरियलचं नाही. सीरियल तर ते विचारायला थांबतही नाही, तुम्हाला पॉज करावं लागतं. आमच्या काकूंच्या सोबतीला कोणी नव्हतं. आईंना माझा नमस्कार सांगा.