रविवारची पिकअप धुलाई आणि बोअरचा नळ

ए-२ काकू (रविवार, सकाळी ७:५२)
आज परत तेच. सहा पन्नासपासून पिकअप धुवायचं चाललंय आणि सगळं पाणी रॅम्पवरून माझ्या गॅलरीच्या दाराशी. मागच्या रविवारी सांगितलं, त्याच्या मागच्या रविवारीही सांगितलं. नुसतं पाणी असतं तर पुसून घेतलं असतं हो, पण ते चिकट आहे, द्राक्षाचा रस आहे त्यात. मुंग्यांची रांग दारातून थेट देवघरात, निरांजनापर्यंत गेलीय. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर मला खाली बसून पुसता येत नाही हे सगळ्यांना माहीत आहे.

ए-२ काकू
(फोटो)
(फोटो)
दुसरा फोटो मोठा करून बघा, उंबऱ्याच्या फटीत गांधीलमाशी आहे.

सी-४०१
🙏 मागच्या जनरल मीटिंगमध्ये ठरलेलं आहे. बोअरचा नळ खाजगी गाडी धुण्यासाठी वापरायचा नाही. रजिस्टर बघावे.

बी-१०१ वहिनी
म्हणूनच म्हटलं सात वाजताच पाणी कसं गेलं. मशीन लावलं होतं, अर्ध्यात बंद पडलंय, कपडे साबणात तसेच आहेत. शुक्रवारी टँकर मागवला त्याचे पैसे आपण सगळ्यांनी भरलेत ना? एप्रिल आहे, अजून मे सगळा जायचाय.

ए-३०३
पिकअपचं अभ्यंगस्नान चालू आहे वाटतं, उटणं तेवढं लावायचं राहिलंय 😄

ए-२ काकू
तुम्ही तिसऱ्या मजल्यावर आहात म्हणून हसू येतंय.

ए-३०३
सॉरी काकू. येऊन पुसून देऊ का? खरंच विचारतोय.

सी-१०३ आप्पा
सुप्रभात. सर्वांचा दिवस आनंदात जावो. 🙏

बी-३०४
काकू नमस्कार, हात ओले होते आत्ताच फोन बघितला. चुकलं माझं, आधी ते पाणी येऊन काढतो. पण एक सांगतो सगळ्यांना, मी हौसेनं धुवत नाही, शोरूमसारखी चमकवायला पण नाही. कवठेमहांकाळकडं बाग आहे माझी, सध्या बेदाण्याची द्राक्षं वाळवायच्या शेडवर न्यायचं चालू आहे, रोज दोन दोन खेपा, क्रेटमधनं रस गळतो तो हौद्यात साठतो, ऊन लागलं की गुळासारखा घट्ट होतो, वर काळी माती बसते. आठवडाभर तसंच ठेवलं तर हौद्याच्या कोपऱ्यातली पाणी जायची भोकं बुजतात आणि तिथनंच गंज धरतो. गेल्या पावसाळ्यात बागेवर फवारायच्या मोरचुदाचा ड्रम हौद्यात लवंडला होता, फाळक्याच्या, म्हणजे हौद्याच्या मागच्या झडपेच्या, आतल्या बाजूला रंग उडून पत्रा कसा झालाय ते येऊन बघा कुणीपण. मोरचूद लोखंडाला सोडत नाही.

डी-४०१
गाडी मुळात आपल्या पार्किंगच्या मापाची आहे का हा प्रश्न कुणी विचारत नाही. ही इसुझूची व्ही-क्रॉस पिकअप जवळजवळ ५.३ मीटर लांब आहे, आपली खूण ५ मीटरची. मागचा फूटभर तुकडा रोज येण्याजाण्याच्या वाटेत असतो. माझ्या मुलाची सायकल दोनदा घासलीय.

बी-३०४
सायकल घासली तेव्हा गाडीलाच ओरखडा आला होता, मी काय बोललो का?

सी-४०१
विषय भरकटू नये. बोअरचा नळ खाजगी गाडी धुण्यासाठी वापरायचा नाही असं ठरलेलं आहे. रजिस्टर बघावे.

बी-३०४
ठरलंय तर सगळ्यांना ठरलंय ना मग. सेक्रेटरी काकांची गाडी वॉचमन रोज सकाळी धुवायलाय, ते पाणी काय कृष्णेतनं उचलून आणायलाय?

डी-४०१
हा मुद्दा मात्र बरोबर आहे.

सेक्रेटरी काका
मी बाहेरगावी आहे, आत्ता वाचलं. माझी गाडी पुसायला दोन बादल्या लागतात, पाइप कधी लावलेला नाही. दोन बादल्या आणि तासभर पाइप यात फरक आहे हे आपणही जाणता. माझं नाव मधे आणण्याचं प्रयोजन कळलं नाही.

बी-३०४
हा मेसेज डिलीट केला आहे

बी-१०१ वहिनी
डिलीट करायच्या आधी वाचला मी 🙏 काका वडिलांच्या वयाचे आहेत, असं लिहू नका.

डी-४०१
आणि सेक्रेटरी काका आलेच आहात तर लिफ्टचं पण सांगा. डी विंगची लिफ्ट गेले १२ दिवस रोज दुसऱ्या मजल्यावर अडकते, झटका बसतो. सासऱ्यांना दवाखान्यात नेताना खुर्चीवरून उतरवलं.

सेक्रेटरी काका
लिफ्टवाल्याला तीनदा फोन झालाय. माणूस उद्या येतो म्हणाला.

डी-४०१
उद्या हे तो गेले १२ दिवस म्हणतोय.

डी-२०२
थोडं बोलू का? खालच्या नळाला तोच पाइप लावून आत्ता मोजलं. १५ लिटरची बादली ५५ सेकंदात भरली. दादा ६:५० ते ७:४० धुवत होते असं धरलं तर ८०० लिटरच्या आसपास पाणी गेलं. म्हणजे गच्चीवरच्या हजार लिटरच्या काळ्या टाकीतलं बहुतेक सगळं.

बी-३०४
मधे चार वेळा बंद केला होता नळ. स्टॉपवॉच घेऊन मागं लागायलाय काय भावा?

डी-२०२
नाही दादा, राग मानू नका, मला गाड्यांचं वेड आहे म्हणून लिहितोय, कुपवाडला कामावर जायच्या आधी रोज माझी बाइक मीच धुतो. बंद केला असेल तर ६०० धरा. तुमची गाडी धुतली पाहिजे हे शंभर टक्के मान्य, काळ्या मातीत चालणारी गाडी धुतली नाही तर स्प्रिंगच्या पाट्यांच्या मधे आणि चेसीच्या खाचांत चिखल राहतो, तो ओल धरून ठेवतो आणि गंज तिथंच चालू होतो. पण पाइप जमिनीवर सोडून आपण बॉनेट घासत असतो ना, बहुतेक पाणी तेव्हा जातं. पाइपाच्या तोंडाला बंद करता येणारी गन लावा, नाहीतर माझा प्रेशर वॉशर न्या, तो मिनिटाला सहा-सात लिटरच घेतो आणि मडगार्डच्या आतला चिखल पाइपापेक्षा चांगला काढतो. फक्त रंगापासून फूट-दीड फूट लांब धरा, रेडिएटरच्या जाळीवर आणि वायरिंगच्या जोडांवर जवळून मारायचा नाही, टायरच्या बाजूच्या भिंतीवर पण नाही.

डी-२०२
आणि बाकीच्या गाडीला दोन बादल्या. एकीत शॅम्पू, दुसरीत नुसतं पाणी. हातमोजा शॅम्पूत बुडवायचा, एक दार धुवायचं, मग साध्या पाण्यात खळबळून परत शॅम्पूत. माती साध्या बादलीच्या तळाला बसते, परत रंगावर जात नाही. आज तुम्ही कपड्याच्या पावडरीनं आणि त्याच एका फडक्यानं सगळी घासत होता, बॉनेटवर गोल गोल बारीक ओरखडे आहेत बघा, उन्हात तिरकं बघितलं की कोळ्याच्या जाळ्यासारखे दिसतात. ते त्या फडक्यातल्या खड्यांचे आहेत. चाकं आणि मडगार्ड आधी, मग वरून खाली.

बी-३०४
ते ओरखडे झाडाच्या फांद्यांचे आहेत.

डी-२०२
फांदीचा ओरखडा सरळ लांब असतो दादा. गोल हाताचाच.

ए-३०३
चला, आता सेक्रेटरी काकांच्या गाडीचा पण पंचनामा करून टाका 😄

सी-४०१
🙏 धुण्याची पद्धत हा विषय नाही. नळ हा विषय आहे. खाजगी गाडीसाठी वापरायचा नाही असं ठरलेलं आहे. रजिस्टर बघावे.

बी-१०१ वहिनी
भाऊजी, रजिस्टर सगळ्यांनी बघितलं. दर महिन्याला बघतोय. त्यात लिहिलंय म्हणून मशीनमधले माझे कपडे धुऊन निघणार नाहीत.

डी-४०१
बाहेर सर्व्हिसिंगला का देत नाही? सरळ प्रश्न आहे.

बी-३०४
दिली होती. एका सर्व्हिसिंगवाल्यानं धुऊन झाल्यावर न विचारता खालनं सगळीकडं डिझेल मारलं, गंज धरत नाही म्हणाला. पाट्यांचे रबरी बुश महिन्यात फुगून मऊ झाले, खड्ड्यात गाडी कुरकुर करायला लागली, चारी बाजूचे बुश बदलायला लागले. वर डिझेलवर धूळ बसून दुप्पट घाण. तवापासनं ठरवलंय की माझी गाडी मीच धुणार. कर्ज काढून घेतलीय, बागेवर घेतलीय, ती चालली तर माझं घर चालतंय.

सी-१०३ आप्पा
मी सहसा बोलत नाही. ऑगस्ट २०१९ आठवा. सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं होतं, धोक्याची पातळी ४५. इथं विश्रामबागेत आपण कोरडे होतो पण नदीजवळच्या गावभागात काय झालं ते सगळ्यांनी बघितलंय. पूर ओसरल्यावर ए-२ ताईंच्या भावाच्या घरात कमरेएवढा गाळ होता, नळाला पाणी नाही, लाइट नाही. तेव्हा याच पोरानं याच पिकअपच्या हौद्यात हजार लिटरची टाकी बांधून आपल्या याच बोअरचं पाणी तीन दिवस तिकडं नेलं. गाळ वाळायच्या आत निघाला म्हणून भिंती वाचल्या. तेव्हा कुणी रजिस्टर बघितलं नाही.

ए-२ काकू
आप्पा, ते मी विसरलेली नाही. वहिनीचा पितळी डबा त्यानं गाळात हात घालून काढून दिला होता, तो अजून तिच्या ओट्यावर आहे. मी त्याला परका समजत असते तर ग्रुपवर लिहिलं नसतं, सरळ अर्ज दिला असता. पण म्हणून दर रविवारी मुंग्या मी काढायच्या का? हळद टाकली, खडू ओढला, तरी रात्री देवाच्या ताम्हनात मुंग्या. मला एकटीला हे होत नाही आता.

बी-१०१ वहिनी
काकू मी येते दुपारी. फिनेल घेऊन येते.

सेक्रेटरी काका
आप्पांचं म्हणणं योग्य आहे, ताईंचंही योग्य आहे. पण पूर वेगळा आणि एप्रिल वेगळा. बोअर सध्या अर्धा तास चालली की हवा ओढते. मोटर जळली तर खर्च सगळ्यांवर येणार.

डी-४०१
लिफ्टची मोटर पण धरा त्यात.

बी-३०४ (सकाळी १०:२०)
काकूंच्या दारातलं पाणी काढलं, उंबरा गरम पाण्यानं धुतला, ए-३०३ पण आला होता मदतीला. काकूंनी चहा दिला. आता माझं ऐका. आमच्याकडं म्हैसाळ योजनेच्या कालव्याचं पाणी पाळीनं आलंय, शेततळं भरून घेतलंय, ते पाणी बागेला मापून द्यायला लागतंय, द्राक्षवेलींची खरड छाटणी (माल निघाल्यावरची) तोंडावर आहे, म्हणून गाडी तिकडं धुवायला जीव होत नव्हता. पण बांधाला सहा नारळ आहेत, त्यांना तसंही पाणी घालतोच. हौदा आणि खालची बाजू तिथंच साध्या पाण्यानं काढतो, रोज शेवटची खेप टाकली की लगेच, रस ओला असतोय तवा दोन घागरीत निघतोय. इथं फक्त वरची गाडी, दोन बादल्या, जास्तीत जास्त तीन. पाइप लावणार नाही. आणि सेक्रेटरी काका, मघाशी जे लिहिलं त्याबद्दल माफी, फोन करून पण मागतो.

सेक्रेटरी काका
माफी नको. बादल्यांवर माझी हरकत नाही, पण सर्व गाड्यांना तोच नियम. माझ्याही.

सी-४०१
बादलीतलं पाणीही बोअरचंच आहे. ठरावात बादली असा शब्द नाही. तरी ज्यांना मान्य असेल त्यांनी पुढच्या मीटिंगमध्ये दुरुस्ती मांडावी. रजिस्टर माझ्याकडे आहे.

डी-२०२
दादा, फाळक्यावर मोरचूद-चुन्याचे निळसर पांढरे डाग दिसतात, ते खरवडू नका. व्हिनेगर पाण्यात पातळ करून आधी कोपऱ्यात थोडं लावून बघा, चुन्याचा भाग सुटतो, मग लगेच साध्या पाण्यानं धुवा. जिथं पत्रा उघडा पडलाय तिथं गंज घासून काढून आधी प्रायमर लावा, पावसाळ्याच्या आत. आणि आपल्या बोअरच्या पाण्यात क्षार आहेत, ऊन वर यायच्या आत धुवा आणि फडक्यानं लगेच टिपून घ्या, नाहीतर प्रत्येक थेंबाचा पांढरा गोल राहतो. टपावर हात पोचायला टायरवर चढू नका, घसराल, माझ्याकडं लोखंडी स्टूल आहे.

बी-३०४
स्टूल पाठव. वॉशर राहू दे, पुढच्या रविवारी मडगार्डपुरता बघू.

ए-३०३
एकच विनंती, बेदाणा तयार झाला की ग्रुपवर टाका. भडंगात घालून बघतो.

डी-४०१
लिफ्ट???

बी-३०४ (पुढचा रविवार, सकाळी ७:१५)
(फोटो)
अडीच बादल्या. वेळ तेवढाच लागला, उलट दहा मिनिटं जास्तच. दुसऱ्या बादलीच्या तळाला बघा किती माती बसलीय. एवढी सगळी मी इतकी वर्षं रंगावर घासत होतो.

डी-२०२
मस्त दादा. दारांच्या खालच्या कडेला पाणी जायची बारीक भोकं असतात, ती काडीनं मोकळी करा.

बी-१०१ वहिनी
आज मशीन पूर्ण चाललं 🙏

सी-४०१
रॅम्प ओला आहे. फोटो काढून ठेवला आहे.

बी-३०४
तो वॉचमननं झाडांना पाणी घातल्याचा आहे. विचारा त्याला.

ए-२ काकू
आज दारात पाणी आलं नाही. मुंग्या निम्म्या कमी झाल्यात. पण रॅम्पच्या खालच्या जाळीत मागचा एक द्राक्षाचा घड अडकून कुजतोय, त्यावर गांधीलमाश्या बसतात, मला ती जाळी उचलत नाही.

बी-३०४
आलो काकू. पहार घेऊन येतो.