जुन्या संगणकावर विंडोज ११ : चालेल की नाही, कसं ठरवता?

विंडोज १० चा मायक्रोसॉफ्टकडून मिळणारा आधार (सपोर्ट) १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. घरी, दुकानात, शाळेत अजून हजारो यंत्रं त्याच्यावरच चालली आहेत. ज्यांनी अशी यंत्रं तपासली किंवा ११ वर नेली आहेत त्यांनी नेमकं लिहावं: आधी काय बघता, कुठे अडतं, का अडतं. 'सरळ नवीन घ्या' एवढाच सल्ला असेल तर कृपया लिहू नका.

तांबडी वायर
पहिल्यांदा प्रोसेसर बघा. रॅम, डिस्क बदलता येते, लॅपटॉपचा प्रोसेसर सहसा नाही. इंटेल कोअरमध्ये नावापुढचा आकडा वाचायचा: आय५-७५०० म्हणजे सातवी पिढी, आय५-८२५०यू म्हणजे आठवी, आय५-१०२१०यू म्हणजे दहावी. विंडोज ११ साठी चालणाऱ्या प्रोसेसरांची मायक्रोसॉफ्टची यादी आठवीपासून सुरू होते. सातवीतले मोजके अपवाद आहेत, त्यांच्या भरवशावर बसू नका.

इंटेलच्याच स्वस्त सेलेरॉन-पेंटियमला हा हिशेब लागू नाही. पेंटियम एन४२०० यादीत नाही आणि नावाने गरीब वाटणारा सेलेरॉन एन४००० आहे. एएमडीतही तीच गंमत: रायझन ५ २६०० चालतो, पण २४००जी आणि लॅपटॉपमधला २५००यू, नाव दोन हजारी असूनही, बाहेर. म्हणून पूर्ण मॉडेल नंबर यादीत शोधायचा, अंदाज नको.

सी-डी-ई
प्रोसेसर यादीत आहे आणि तरी 'हा पीसी चालणार नाही' असं येतंय, तर बहुतेक वेळा टीपीएम या सुरक्षा चिपची सेटिंग बायोसमध्ये (यंत्र सुरू होताना उघडणारा सेटिंगचा पडदा) बंद असते. विंडोज आणि आर दाबून टीपीएम डॉट एमएससी लिहा. २.० दिसलं तर ठीक. काहीच सापडलं नाही तर बायोसमध्ये जा (डेलला एफ२, एचपीला एफ१०). इंटेलमध्ये 'पीटीटी' आणि एएमडीमध्ये 'एफटीपीएम' नावाने तो पर्याय असतो. वेगळी टीपीएम चिप विकत आणायची गरज आठव्या पिढीत सहसा पडत नाही.

ही सेटिंग बदलण्यापूर्वी बिटलॉकर (डिस्कला कुलूप घालणारी विंडोजची सोय) चालू आहे का बघा. असेल तर तात्पुरता थांबवा आणि ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवा. नाहीतर पुढच्या वेळी यंत्र तीच मागत बसतं.

खरी अडचण असेंबल्ड डेस्कटॉपवर. तिथे विंडोज बहुधा जुन्या लेगसी पद्धतीने घातलेली असते, डिस्कची मांडणी एमबीआर या जुन्या प्रकारची असते. विंडोज आणि आर दाबून एमएसइन्फो३२ लिहा; तिथे 'बायोस मोड' समोर 'लेगसी' दिसलं की सिक्युअर बूट (सुरू होतानाची सुरक्षा तपासणी, जी ११ ला हवी असते) चालू होणारच नाही. त्यासाठी विंडोजमध्येच एमबीआर२जीपीटी ही कमांड आहे. फॉरमॅट न करता डिस्कची मांडणी जीपीटी या नव्या प्रकारात बदलून देते. आधी 'व्हॅलिडेट' करून बघायचं, मगच 'कन्व्हर्ट'. पण तीनपेक्षा जास्त प्रायमरी पार्टिशन किंवा एकही लॉजिकल पार्टिशन असेल तर नकार मिळतो. आपल्याकडे सी, डी, ई असे कप्पे पाडायची हौस, आणि त्यातले डी-ई अनेकदा लॉजिकलच असतात. त्यांतला डेटा बाहेरच्या डिस्कवर काढा, ते कप्पे पुसा, मग पुन्हा तपासा. कन्व्हर्ट झाल्यावर लगेच बायोसमध्ये यूईएफआय (लेगसीच्या जागी आलेली नवी पद्धत) निवडायचं, नाहीतर विंडोज उठतच नाही.

ताळेबंद
सी-डी-ई यांच्या उत्तरात एक भर. डेस्कटॉपमध्ये फार जुनं ग्राफिक्स कार्ड असेल तर लेगसी (सीएसएम) बंद केल्यावर पडदा काळा राहू शकतो, कारण त्या कार्डाला यूईएफआयची भाषा येत नाही. कार्ड काढा, केबल मदरबोर्डच्या डिस्प्ले पोर्टमध्ये लावा, मग सेटिंग बदला. प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स नसेल तर मात्र दुसरं कार्ड उसनं आणावं लागेल.

तांबडी वायर
रॅम कागदावर ४ जीबी पुरते, ब्राउझर उघडला की पुरत नाही. ८ धरा. चौथ्या पिढीच्या लॅपटॉपला डीडीआर३एल म्हणजे १.३५ व्होल्टची रॅम लागते, साधी १.५ व्होल्टची डीडीआर३ घालू नका. काही पातळ लॅपटॉपांत रॅम बोर्डावरच झाळलेली असते, विकत घेण्याआधी मागचं झाकण उघडून बघा.

फिरती डिस्क (हार्ड डिस्क) असेल तर आधी एसएसडी (न फिरणारी, वेगवान डिस्क) घाला. टास्क मॅनेजरमध्ये डिस्क सतत १०० टक्के दिसत असेल तर नवी प्रणाली सोडाच, जुनीही धड चालत नसते. क्रिस्टलडिस्कइन्फो या डिस्कची तब्येत दाखवणाऱ्या साधनात ०५ आणि सी५ या ओळी (खराब झालेल्या जागांची मोजणी) बघा. तिथे शून्याऐवजी आकडा असेल तर आधी डेटा वाचवा, बाकी नंतर. एम.२ ही एसएसडीची छोटी खाच दिसली म्हणून वेगवान एनव्हीएमई एसएसडी बसेलच असं नाही. काही खाचा फक्त जुन्या साटा प्रकारची एसएसडी ओळखतात.

पळवाटकर
यादीत नसलेल्या यंत्रावरही ११ घालता येते, रुफससारख्या साधनाने तपासण्या वगळून. पण दोन गोष्टी लक्षात घ्या. एक: विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीला एसएसई४.२ आणि पॉपसीएनटी या सूचना प्रोसेसरमध्येच लागतात. कोअर २ ड्युओवर ती सुरूच होत नाही, तिथे कुठलीही पळवाट नाही. दोन: मोठं वार्षिक अपडेट आपोआप येत नाही, दरवेळी आयएसओ (विंडोजची इन्स्टॉल फाइल) उतरवून हाताने करावं लागतं. बँक व्यवहाराच्या यंत्रावर हे मी सुचवणार नाही. विंडोज १० वरच थांबायचं असेल तर घरगुती वापरासाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षा अपडेट मिळतात, पण त्यासाठी नोंदणी करावी लागते आणि विंडोज १० ची २२एच२ आवृत्ती हवी.

डीटीपीवाली
सगळे प्रोसेसर बघताय, टेबलावर काय आहे तेही बघा! ३२ बिट विंडोजवर अजून चालणारी जुनी सॉफ्टवेअरं बऱ्याच प्रेसमध्ये आहेत. विंडोज ११ फक्त ६४ बिट आहे आणि त्यावर १६ बिट प्रोग्राम चालत नाहीत. प्रोग्राम ३२ बिट असला तरी त्याचा इन्स्टॉलर १६ बिट असू शकतो, तिथेही अडतं. युनिकोड नसलेल्या मराठी फॉन्टातल्या फाइली नव्या विंडोजवर उघडतात, फॉन्ट टाकला की झालं. पण टायपिंगचं सॉफ्टवेअर डाँगलवर (यंत्राला लावायची परवान्याची किल्ली) चालत असेल तर डाँगलचा ६४ बिट ड्रायव्हर मिळतो का ते आधी शोधा.

ताळेबंद
ताईंचा मुद्दा महत्त्वाचा. डिजिटल सहीच्या यूएसबी टोकनचंही तसंच. विंडोज सिक्युरिटीत कोअर आयसोलेशनमधली 'मेमरी इंटेग्रिटी' ही सुरक्षा सेटिंग चालू असली तर जुने ड्रायव्हर अडवले जातात. ती बंद करण्याआधी टोकन बनवणाऱ्याचा नवा ड्रायव्हर टाकून बघा. आणि हे रिटर्नच्या शेवटच्या तारखेला करू नका!

पेनड्राइव्हवाले आजोबा
जिथे ११ बसत नाही तिथे विंडोजऐवजी लिनक्स मिंट या मोफत प्रणालीची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती बघा. किमान २ जीबी रॅम सांगतात, ४ असेल तर सुखाने चालते. ८ जीबीच्या पेनड्राइव्हवरून लाइव्ह (इन्स्टॉल न करता) सुरू करा, संगणकावरचं काहीही पुसलं जात नाही. त्याच अवस्थेत वायफाय, आवाज, कॅमेरा, झाकण मिटून परत उघडणं, आणि मुख्य म्हणजे प्रिंटर तपासा. एचपी लेसरजेट १०२० ला वेगळा प्लगइन उतरवावा लागतो, मग चालतो. कॅननचा एलबीपी २९०० डोकं खातो, त्याच्यावर रोजचं काम असेल तर लिनक्सचा विचार दोनदा करा. टॅलीवर हिशेब असेल तर विंडोजच ठेवा.

विंडोजचे कप्पे तिथून फक्त वाचता येत असतील, लिहिता येत नसतील, तर विंडोजमधलं 'फास्ट स्टार्टअप' बंद करून यंत्र पूर्ण बंद करा.

सी-डी-ई
आजोबा, त्याच लाइव्ह पेनड्राइव्हवरून पार्टिशन पुसण्याआधीचा डेटाही बाहेर काढता येतो. विंडोज उठत नसेल तेव्हा तर हाच मार्ग. फक्त बिटलॉकर असेल तर तिथेही ती ४८ अंकी की लागेल.